प्रिन्स ऑफ पर्शिया आणि दुपारचा एक तास

तुझा आवडता खेळ कोणता, असं गोव्यात कुणी विचारलं तर विचारणाऱ्यानं मनात फुटबॉल हे उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं. मी देतो ते उत्तर ऐकून काहीजण हसतात. जे माझ्या वयाचे असतात ते मात्र हसत नाहीत, एकदम जवळ सरकतात आणि विचारतात, "आरशातून उडी मारायची तोच ना?"

होय, तोच. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. नंतर आलेले त्याचे चकचकीत भाऊबंद नव्हेत, चित्रपटही नव्हे. १९८९ सालचा मूळ खेळ. पांढऱ्या कपड्यांतला, अनवाणी पायांचा एक तरुण तळघरात येऊन पडतो, मागं लोखंडी दार खाली येतं, आणि तिथून खेळ सुरू होतो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. सुलतान परमुलखात लढाईवर गेलाय. मागं वजीर जाफर तख्त बळकावतो. राजकन्येनं एका तासात आपल्याशी लग्नाला होकार द्यावा, नाहीतर मरणाला तयार व्हावं, असं तो सांगतो आणि तिच्यासमोर वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवतो. तिचा प्रियकर कैदेत आहे. तो म्हणजे आपण. बारा लेव्हल पार करून, मनोऱ्यावर पोहोचून, जाफरला मारून तिला सोडवायचं. वेळ साठ मिनिटं. आणि ही साठ मिनिटं खरीखुरी, भिंतीवरच्या घड्याळातली. आपण मेलो तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, घड्याळ मात्र पुढंच जात राहतं. गेलेला वेळ परत मिळत नाही.

कथा काही ग्रेट नाही. असल्या कथा आपण लहानपणी शंभर वाचल्या. मग हा खेळ तीस वर्षं डोक्यातून का जात नाही, ते नीट शोधावं म्हणून हा लेख.

फोंड्याची दुपार

हा खेळ मला भेटला तो १९९५ साली, फोंड्याला, मामाच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. मामा तिथं ट्रकांचा हिशेब बघायचा. आतल्या खोलीत संगणक होता. त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण, खोलीला एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. देवघरात शिरल्यासारखंच. देवघरात एसी नसतो एवढाच फरक.

गोव्यातली दुपार तुम्हाला ठाऊकच आहे. एक वाजला की दुकानांची शटरं खाली. हुमण-भात जेवून माणसं आडवी होतात ती तीन वाजेपर्यंत उठायचं नाव नाही. मामाही घरी जाऊन झोपायचा. किल्ली आमच्याकडं. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघं त्या संगणकासमोर एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे.

मॉनिटर राखाडी होता, रंग नव्हते. आज विनोद वाटतो, पण त्यामुळं आमची पंचाईत व्हायची. खेळात ठिकठिकाणी औषधाच्या कुप्या ठेवलेल्या असतात. लाल बुडबुडे असले तर ताकद येते, निळे असले तर विष. आमच्या पडद्यावर सगळे बुडबुडे सारखेच. म्हणून आधी प्यायचं, मरायचं नाहीतर तगायचं, आणि वहीच्या मागच्या पानावर नोंद करायची. ती वही गणिताची होती आणि त्यावरून शाळेत बोलणीही खाल्ली.

दुसरी गोष्ट बटणांची. बाणांच्या बटणांनी धावायचं, उडी मारायची. पण शिफ्टचं बटण दाबून धरलं तरच तो कड्याला लोंबकळतो. शिफ्ट दाबूनच तो सावध एकेक पाऊल टाकतो, शिफ्ट दाबूनच तलवारीचा वार करतो. आम्ही कामं वाटून घेतली. धावणं माझ्याकडं, शिफ्ट धाकट्याकडं. म्हणजे दरीवरून उडी मी मारायची आणि पलीकडचा कडा त्यानं पकडायचा. त्यानं क्षणभर उशीर केला की आमचा राजपुत्र खाली सुळ्यांवर. त्या वर्षी आमची जेवढी भांडणं झाली तेवढी पुढं कधीच झाली नाहीत.

एका भावाची धाव

हा खेळ केलेल्या माणसाचं नाव जॉर्डन मेकनर. जन्म १९६४, न्यूयॉर्क. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यानं 'कराटेका' नावाचा एक खेळ एकट्यानं लिहिला. तो १९८४ साली ब्रॉडरबंड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं काढला आणि चांगला चालला. त्यात त्यानं एक जुनी युक्ती वापरली होती. माणसाचं खरं चित्रीकरण करायचं आणि त्यावरून चौकट चौकट गिरवून चित्र हलवायचं. ही युक्ती १९१५ च्या सुमाराला मॅक्स फ्लायशर यानं व्यंगपटांसाठी काढली. तिला रोटोस्कोपिंग म्हणतात.

पुढच्या खेळासाठी त्याला धावणारा, उड्या मारणारा माणूस हवा होता. १९८५ च्या ऑक्टोबरात त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि चॅपाक्वा या आपल्या गावी एका मोटारतळावर पळवलं. डेव्हिड तेव्हा शाळेत होता. धाव, थांब, वळ, उडी मार, भिंतीवर चढ. हे सगळं व्हीएचएस टेपवर आलं.

पुढचं काम आज ऐकताना अंगावर येतं. टेपवरून चित्रं थेट संगणकात घ्यायची सोयच नव्हती. म्हणून टेप टीव्हीवर चौकटीगणिक थांबवायची, टीव्हीच्या काचेचे साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे, ते धुऊन आणायचे, त्यातली मानवी आकृती काळ्या शाईनं आणि पांढऱ्या रंगानं स्वच्छ करून घ्यायची, त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि मग ते सगळं संगणकात घेऊन एकेक ठिपका हातानं सुधारायचा. एका धावेसाठी एवढा खटाटोप.

पण फळ काय मिळालं ते बघा. तोपर्यंतच्या खेळांतली माणसं म्हणजे बाहुल्या. मारिओ हवेत असतानाही डावी-उजवीकडं वळवता येतो. गंमत म्हणून ते छानच आहे. मेकनरचा राजपुत्र तसा नाही. त्याला वजन आहे. धावायला सुरुवात केली की वेग यायला दोन-तीन पावलं लागतात, थांबायचं म्हटलं की पाय घसटत थांबतो. उडी मारली की मारली, हवेत विचार बदलता येत नाही. उंचावरून पडला तर गुडघ्यांवर बसतो आणि सावकाश उठतो. तो उठेपर्यंत आपणही श्वास धरून बसतो. पहिल्यांदा पडद्यावरच्या आकृतीला दुखतं असं वाटलं ते इथं.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. आम्ही फोंड्याच्या खोलीत ज्याला 'राजपुत्र' म्हणत होतो, तो दहा वर्षांपूर्वी आपल्या दादाच्या सांगण्यावरून मोटारतळावर धावलेला एक शाळकरी मुलगा होता. तो पुढं गो या जपानी पटखेळात नाव मिळवता झाला, मोठा झाला. पण त्या दुपारची त्याची धाव तशीच राहिली.

खेळाचं संगीतही घरचंच, त्यांचे वडील फ्रान्सिस मेकनर यांचं. हे मानसशास्त्रज्ञ. व्हिएन्नातलं ज्यू घराणं. नाझींनी १९३८ साली ऑस्ट्रिया गिळल्यावर लहानपणीच निर्वासित होऊन फ्रान्समार्गे अमेरिकेला पोहोचलेले. जॉर्डननं अलीकडं 'रीप्ले' या चित्रपुस्तकात आजोबा, वडील आणि आपण अशा तीन पिढ्यांची ही हकिकत सांगितली आहे. ते कळल्यावर कैदखाना, पहारेकरी आणि सुटकेसाठी मोजून दिलेला वेळ या गोष्टींकडं मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. मेकनरनं ते मनात धरून खेळ केला असं मी म्हणत नाही. पण घरातल्या गोष्टी कुठून कुठं झिरपतात ते सांगता येत नाही.

जागा नव्हती म्हणून सावली

मेकनर तरुणपणापासून रोजनिशी लिहायचा. ती पुढं पुस्तकरूपानं आली. तिच्यात हा खेळ चार वर्षं कसा रखडला ते सगळं दिसतं. मधेच त्याला चित्रपटांच्या पटकथा लिहायचं वेड लागलं आणि खेळ महिनोन् महिने बाजूला पडला. ज्या यंत्रासाठी तो लिहीत होता ते ॲपल-टू हे १९७७ सालचं. त्याचा प्रोसेसर एक मेगाहर्ट्‌झचा आणि स्मृती किलोबाइटमध्ये मोजायची. आज आपल्या मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो त्यात मावला नसता.

सुरुवातीला त्याला खेळात लढाई नकोच होती. फक्त धाव, सापळे आणि दारं. सुरुवातीची प्रेरणा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या १९८१ च्या चित्रपटातली पहिली दहा मिनिटं. पण खेळ सपक वाटत होता. टोमी पिअर्स ही त्याची सहकारी मैत्रीण त्याला सारखी सांगायची की लढाई घाल, शत्रू घाल. त्याचं म्हणणं, भावाच्या धावेच्या चित्रांनीच सगळी स्मृती भरली, शत्रूची चित्रं ठेवू कुठं?

मग तोड निघाली ती अशी. नव्या माणसाची चित्रं ठेवायला जागा नाही ना, मग जुनीच वापरायची. राजपुत्राचीच आकृती घ्यायची, तिची प्रत किंचित बाजूला सरकवायची आणि दोन्ही अशा मिसळायच्या की जिथं सारख्या तिथं काळोख आणि जिथं वेगळ्या तिथं उजेड. एक लुकलुकणारी, पोकळ आकृती तयार झाली. तीच सावली. एकही नवं चित्र न काढता खेळाला त्याचं सगळ्यात मोठं पात्र मिळालं.

चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा आडवा येतो. दुसरा मार्ग नाही. धावत येऊन आरशातूनच उडी मारायची. आपण इकडं बाहेर पडतो आणि आपली सावली उलट दिशेनं पळून जाते. जाताना आपली सगळी ताकद घेऊन जाते, एकच थेंब ठेवते. पाचव्या लेव्हलला आपण औषधापाशी पोहोचायच्या आत सावली ते पिऊन टाकते. सहाव्याच्या शेवटी ती ऐनवेळी कळ दाबून दार लावते आणि आपण खाली पडतो. चीड येते. हिला एकदा गाठून मारायचंच असं ठरवून आपण वर चढत राहतो.

बाराव्या लेव्हलला ती भेटते. तलवार घेऊन उभी. आपण वार करतो, तिची ताकद कमी होते आणि त्याच क्षणी आपलीही. तिला मारलं की आपण मरतो.

आम्ही किती वेळा मेलो त्याची मोजदाद नाही. मी हट्टानं वार करत राहिलो. शेवटी धाकटा कंटाळून म्हणाला, "दादा, मारू नको. तलवार ठेव ना." मी त्याच्यावर खेकसलो. पण एकदा करून बघितलं. तलवार म्यान केली. समोर सावलीनंही तलवार म्यान केली. मी पुढं धावलो, तीही धावत आली, पडदा लखकन चमकला आणि दोघं एक झाले. त्याच्यापुढं मोकळी पोकळी, खाली जमीनच नाही. पण आता धावत गेलं की पायाखाली एकेक फरशी उगवत जाते.

त्या वयात याचा अर्थ बिर्थ काही लावला नाही. फक्त दोघं ओरडलो. आज वाटतं, तलवारबाजीच्या खेळात सगळ्यात अवघड जागी तलवार खाली ठेवायला सांगणं हे मोठं धाडस होतं. आणि ते सुचलं कशामुळं, तर यंत्रात जागा उरली नव्हती म्हणून.

लढायला इतर पहारेकरीही हवेच होते. नंतर स्मृतीची काटकसर करून मेकनरनं तेही बसवले. तलवारबाजी त्याला येत नव्हती. मग 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या १९३८ च्या चित्रपटातल्या शेवटच्या द्वंद्वाकडं तो वळला. एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन त्यात काही सेकंद अगदी बाजूनं, समोरासमोर दिसतात. तेवढे सेकंद त्याला पुरले.

हे पर्शिया कुठलं?

आता इतिहासाच्या बाजूनं थोडं कडू बोलायला हवं. खेळाच्या नावात पर्शिया आहे, पण खेळात इराण शोधू गेलात तर हाती फारसं लागत नाही. हे पर्शिया अरबी सुरस कथांमधून आणि त्याहून जास्त हॉलिवूडमधून आलेलं. विशेषतः १९४० चा 'द थीफ ऑफ बगदाद'. त्यात चोराचं काम करणारा साबू हा आपल्या म्हैसूर संस्थानातला मुलगा, हत्तीखान्यात वाढलेला. आणि त्यातला दुष्ट वजीर जाफर.

या जाफरची मला दया येते. खरा जाफर हा बगदादच्या खलिफा हारून अल-रशीदचा वजीर. बर्मकी घराण्यातला, मूळचा बल्खकडचा, विद्वानांना आश्रय देणाऱ्या कुळातला. इसवी सन ८०३ मध्ये खलिफानं एकाएकी त्याचा शिरच्छेद करवला आणि घराणं धुळीला मिळवलं. सुरस कथांमध्ये तो खलिफाबरोबर रात्री वेषांतर करून फिरणारा भला माणूस आहे. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या कथा आणल्या तेव्हापासून आपल्या आजोबा-पणजोबांना तो भेटलेला. त्याला खलनायक केलं ते १९४० च्या चित्रपटानं. मग आमच्या खेळानं, मग १९९२ च्या 'अल्लादीन'नं. ज्याचं डोकं राजानं उडवलं, त्यालाच आम्ही मुलांनी तख्तचोर म्हणून पुन्हा पुन्हा मारलं.

आणि हे परकं पर्शिया आपल्याला अगदीच परकं नव्हतं. धाकट्याला खेळ समजावून सांगताना मी जे शब्द वापरत होतो ते बघा: शहजादा, वजीर, तख्त, कैद, दरवाजा, मशाल. सगळे फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. आमच्या फोंड्यावर तर विजापूरच्या आदिलशहाचं राज्य होतं. तळीच्या काठावरची साफा मशीद १५६० सालची. त्या तळीच्या भिंतींमधल्या कमानी बघितल्या की मला आजही खेळातल्या राजवाड्याच्या लेव्हल आठवतात. हॉलिवूडच्या खोट्या पर्शियातून मी माझ्या घराशेजारच्या खऱ्या कमानींकडं बघायला शिकलो. इतिहासाची गोडी लागायला असा उलटा रस्ताही चालतो.

२०२४ साली आलेल्या 'द लॉस्ट क्राउन' या त्याच मालिकेतल्या खेळात सिमुर्ग पक्षी आहे, काफ पर्वत आहे, आणि पात्रांचे संवाद फारसीतही ऐकता येतात. पस्तीस वर्षांनी का होईना, नावातल्या देशाची भाषा खेळात आली याचं बरं वाटलं.

हरवलेलं आणि सापडलेलं

खेळ बाजारात आला तेव्हा फारसा खपलाही नाही. ॲपल-टूचे दिवस संपत आले होते. १९९० मध्ये डॉसवर आला, तरी अमेरिकेत सुरुवात थंडच. जपान आणि युरोपनं आधी उचलून धरला, मग १९९२ च्या मॅकिंटॉश आवृत्तीनंतर अमेरिकेत नाव झालं. आपल्याकडं तो आला तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. पैसे कुणी दिले नव्हते, हे कबूल करायला हवं. चोरीला आळा म्हणून पहिल्या लेव्हलनंतर एक खोली होती. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्या अक्षराची कुपी प्यायची. पुस्तिका कुणाकडं होती? कुठल्यातरी कॉलेजातल्या मुलानं अक्षरांची यादी हातानं उतरवून काढली होती आणि तिची झेरॉक्स फोंड्यापर्यंत पोहोचली होती. तीस वर्षांनी वाटतं, त्या भावाच्या धावेच्याही झेरॉक्सच काढल्या होत्या.

मेकनरकडं मात्र खुद्द खेळाचा मूळ प्रोग्रॅम उरला नव्हता. त्यानं खूप शोधला. २०१२ साली त्याच्या वडिलांना न्यूयॉर्कच्या घरी कपाट आवरताना एक खोकं सापडलं, आत जुन्या फ्लॉप्या. ज्यांनी खेळाला संगीत दिलं त्यांच्याच हाताला तो लागला. चुंबकीय फ्लॉपी वीस वर्षांनी वाचता येईलच असं नसतं. जाणकारांच्या मदतीनं त्या वाचल्या गेल्या आणि मेकनरनं सगळा प्रोग्रॅम लोकांसाठी इंटरनेटवर मोकळा ठेवला. आज कुणीही बघू शकतं.

त्याआधी २००३ मध्ये 'द सँड्स ऑफ टाइम' आला होता. त्याच्या लेखनातही मेकनर होता. सुरुवातच भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यात होते. त्याचा नवा अवतार करायचं काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं असल्याचं जाहीर झालं तेव्हा आम्हा जुन्या मंडळींना उगाचच आपल्या घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडं गेलं. 'सँड्स' फार सुंदर खेळ आहे, पण माझा पहिला क्रमांक त्याला नाही. त्यात एक खंजीर आहे. चूक झाली की तो दाबायचा, वेळ मागं फिरते, आपण पुन्हा कड्यावर उभे. जुन्या खेळात असला खंजीर नव्हता. तिथं चुकीची किंमत मिनिटांत मोजावी लागायची. म्हणूनच त्यातली प्रत्येक उडी मला आजही आठवते.

एक कबुली

आता जे आजवर लिहिलं नाही ते लिहितो. १९९५ च्या पावसाळ्यात मी शाळेत सांगितलं होतं की आम्ही 'प्रिन्स' संपवला. वर्गात दोन महिने माझा मोठा भाव होता. ते खरं नव्हतं.

त्याच कॉलेजातल्या मुलानं एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर दोन शब्द: 'प्रिन्स मेगाहिट'. डॉसवर तेवढं टाइप करून खेळ सुरू केला की सगळे कायदे मोडायची मुभा. अधिकचं चिन्ह दाबलं की वेळ वाढते, के दाबला की पहारेकरी आपोआप मरतो, लेव्हलच्या लेव्हल ओलांडता येतात. आम्ही राजकन्येपर्यंत पोहोचलो ते असे. सावलीपाशीची युक्ती तेवढी आमची, खरी. बाकी सगळी उसनी मिनिटं. धाकट्याला ते आवडलं नव्हतं. तो त्या दिवसापासून खुर्चीवरून उठला आणि पुन्हा माझ्याबरोबर खेळायला बसला नाही. मी समजलो की त्याला कंटाळा आला.

पुढं तो पुण्याला नोकरीला गेला. मी इथंच राहिलो. मेकनरची रोजनिशी वाचली तेव्हा भावाला पळवणाऱ्या दादाचं वर्णन वाचून मला आमची अर्धी अर्धी खुर्ची आठवली, आणि लाजही वाटली. मग जुने डॉसचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि रोज दुपारी जेवणानंतर बसू लागलो. वय वाढलेलं, बोटं मंद. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा, जो मरतच नाही, फक्त दरीत ढकलता येतो, त्यानंच चार दिवस खाल्ले. आठव्या लेव्हलला दार बंद होऊन मी अडकलो आणि राजकन्येनं पाठवलेला उंदीर तुरुतुरु येऊन कळ दाबून गेला, तेव्हा मी एकटाच हसलो. अडीच महिने लागले. एका दुपारी, चार मिनिटं शिल्लक असताना, मी दार उघडून आत गेलो. राजकन्या धावत आली. दोन सेकंदांची मिठी. बस, एवढंच बक्षीस. मला ते पुरलं.

धाकट्याला फोन लावला. सांगितलं, आज संपवला, मेगाहिटशिवाय. पलीकडं क्षणभर शांतता. मग त्यानं घरच्या कोकणीत विचारलं, "आनी शिफ्ट कोण दामतालो?"

मीच, म्हटलं. "मग अर्धाच संपला," तो म्हणाला.

चतुर्थीला तो घरी येणार आहे. आरती, नेवऱ्या, फटाके झाले की दुपारी एक तास राखून ठेवायचा असं आमचं ठरलं आहे. खुर्च्या आता दोन आहेत. पण बाण माझ्याकडं आणि शिफ्ट त्याच्याकडं.